कागदाला हात न लावणारे सर

आमच्या चित्रकलेच्या सरांनी सगळ्या नोकरीत एकाही पोराच्या कागदाला हात लावला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या न लावलेल्या हातानं माझं नुकसान झालं आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

शाळेत चित्रकलेचा तास कसा चालतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. पोरगं अडतं. घोड्याचा पाय मोडल्यासारखा दिसतो. मग ते वही घेऊन उठतं आणि म्हणतं, "सर, जरा हात फिरवा ना." सर दोन रेघा मारतात, घोडा उभा राहतो, पोरगं खूश, हेडमास्तर खूश. सगळीकडं हेच चालतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. जामखेडच्या आमच्या शाळेतले सर मात्र दोन्ही हात पाठीमागं बांधून वर्गात फिरायचे, लोकांच्या घरात पहिल्यांदा आलेल्या माणसासारखे. तुमच्यामागं येऊन उभे राहायचे. त्यांचा श्वास मानेवर लागायचा. मग एकच प्रश्न, "बघितलंस?"

"हो सर."

"मग हे काय काढलंस?"

आणि पुढच्या बाकाकडं.

फारच अडलं तर ते स्वतःच्या डाव्या तळहातावर बॉलपेननं काढून दाखवायचे. नाक काढायचे, कान काढायचे, तळहात आपल्यापुढं धरायचे आणि आपण बघितलं न बघितलं तोच मूठ मिटायचे. संध्याकाळी घरी जाताना त्यांचा तळहात निळा झालेला असायचा. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या, "बरं झालं जेवायचा हात उजवा असतो. नाहीतर माझ्या आमटीत रोज कुणाचं तरी नाक तरंगलं असतं." वही तपासली तरी सही आतल्या चित्रावर नाही, मागच्या पुठ्ठ्यावर. आतला कागद पोराचा, तिथं आपलं काय काम, असं त्यांचं म्हणणं.

वर्गाच्या दारात डालड्याचा रिकामा डबा ठेवलेला असायचा. आत येताना खोडरबर त्यात टाकायचं. तास सुटल्यावर डबा बाकावर उपडा करायचे. ज्याला जे सापडेल ते त्याचं. त्यावरून पोरांच्या मारामाऱ्या व्हायच्या. सर शांतपणे हात धूत उभे. "खोडायची सोय असली की माणूस नीट बघत नाही," म्हणायचे. मी गवंड्याचा पोरगा. माझं खोडरबर दोनदा हरवलं, तिसऱ्यांदा मी एका व्यापाऱ्याच्या पोराचं चांगलं वासाचं उचललं आणि परत दिलं नाही. सरांनी ते बघितलं होतं. बोलले काही नाहीत.

सर मूळचे भिंगारचे. त्यांचे वडील लष्कराच्या डेपोत गाड्यांवर नंबर रंगवायचे, पत्र्याचे साचे लावून. सर सांगायचे, "आमच्या वडिलांनी हजारो आकडे काढले, पण एकही आकडा त्यांचा नव्हता." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की हसावं की गप्प बसावं कळायचं नाही. मला वाटतं त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाचं मूळ त्या साच्यात असावं. पण हे मी आता म्हणतो. तेव्हा मला ते फक्त चक्रम वाटायचे.

त्यांच्या खिशात कायम एक ओळंबा असायचा. गवंड्याचा, दोरीला लोखंडी वजन बांधलेला. तो माझ्या बापाचा.

शाळेच्या कंपाउंडची भिंत बांधायला बाप आला होता. सर पोरांना घेऊन मैदानात आले, "काम करणारी माणसं" काढायला. पोरं काढत बसली, सर बापाशेजारी जाऊन उभे राहिले.

"हे काय म्हणायचं?"

"वळंबा, मास्तर. भिताड सरळ हाय का वाकडं, ह्यो सांगतो."

"खोटं नाही सांगत?"

"त्याला कुठं पोट हाय खोटं सांगायला."

सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ओळंबा विकत मागितला. बाप म्हणाला, "इकत न्हाई. पण सही शिकवा. मुकादम अंगठ्याला लई हसतो." मग आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत सर आणि बाप विटांच्या ढिगावर बसायचे. सर तळहातावर अक्षर काढायचे, बाप ते बघून वाळूत गिरवायचा. कागद नवव्या दिवशी. बापाची सही उमटली ती सरांच्याच वळणाची, शेवटची रेघ खाली उतरून परत वर येणारी. त्यानंतर बापानं मरेपर्यंत कुठं अंगठा लावला नाही. बँकेत, सोसायटीत, रेशनच्या दुकानात, जिथं नको तिथंही सही करायचा. "अंगठा लावताना बी मान खाली जाती, सही करताना बी जाती," म्हणायचा, "पन ती येगळी."

म्हणजे माझ्या बापाशी त्यांनी सौदा केला होता. माझ्याशीच केला नाही.

दहावीच्या वर्षी मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलो. संस्थेच्या एका संचालकांनी बापाला शब्द दिला होता की पोरानं ए ग्रेड आणली तर नगरला चित्रकलेच्या कॉलेजात घालतो, होस्टेलचं मी बघतो. आमच्या घरात अशी संधी आधी कुणाला आली नव्हती आणि नंतर येणार नव्हती. बाप त्या सहा महिन्यांत मला विटेला हात लावू देत नव्हता. बोटं खराब होतील म्हणून.

त्या वेळी आमच्याकडं पद्धत अशी की परीक्षा चालू असताना विषयाचे शिक्षक हॉलमध्ये एक चक्कर मारून जायचे. चक्कर म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं. हेडमास्तरांनी सरांना माझ्यादेखत सांगितलं, "सर, एवढ्या एकाच्या पेपरवरून हात फिरवा. गरिबाचं पोर आहे, पुढं जाईल."

सर म्हणाले, "पुढं कोण जाईल? हा, की माझा हात?"

समोर पितळी तांब्या, दोन कांदे आणि निळ्या कापडाची घडी. कांदे जमले, कापडाच्या चुण्या जमल्या. तांब्याचं तोंड उजवीकडं कललं. लक्षात आलं तेव्हा रंग बसला होता आणि अर्धा तास उरला होता. पाण्याचा रंग खोडता येत नाही. पण उजव्या काठाला एक गडद रेघ नेमकी पडली असती तर तांब्या सावरला असता. ती रेघ कुठं हवी ते मला दिसत नव्हतं. सर माझ्यामागं येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना ती दिसत होती, हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं.

"सर, एक रेघ," मी हळूच म्हणालो.

त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि माझ्या डोळ्यासमोर धरला. वजन हललं, हललं, मग थांबलं. दोरीपलीकडं खरा तांब्या होता.

"बघ," म्हणाले, आणि पुढच्या पोराकडं गेले.

मला सी मिळाली. संचालक म्हणाले, "सीला मी काय करू?" बापानं दुसऱ्या दिवशी मला बरोबर कामावर नेलं. विटेला हात लावायचा की नाही हा प्रश्न मिटला. मी चित्रकलेची वही सरांच्या टेबलावर आपटली. "ही घ्या तुमची रद्दी."

सर म्हणाले, "तांब्या अजून वाकडाच आहे."

मी मुठी वळल्या होत्या. मारलं नाही एवढंच. त्या वहीकडं मी परत बघितलं नाही.

पुढचं सगळं मी माझ्या हिमतीवर केलं. भिंतीवर सिमेंटच्या, खताच्या जाहिराती रंगवल्या. ट्रकचे नंबर रंगवले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिडीवरून दोनदा पडलो. फ्लेक्स आला तेव्हा सगळे पेंटर रडत बसले, मी मशीन आणलं. आज नगर रोडला माझी तीन मशिनं आहेत. सौद्यात मला हरवणारा माणूस तालुक्यात नाही. सौद्याचा एकच नियम आहे आणि तो मी माझ्या पोरांना फुकट सांगतो: ज्यानं आधी तोंड उघडलं तो हरला. समोरच्याला बोलू द्यायचं. त्याची गरज त्याच्या तोंडूनच बाहेर येते.

सरांचं काय चाललं होतं? ते स्वतःचं नुकसान करून घेत होते. संस्थेच्या कार्यक्रमासाठी त्यांना संस्थापकांचं चित्र काढायला सांगितलं. संस्थापकांचा डावा डोळा जन्मापासून बारीक होता. सरांनी तो बारीकच काढला. संचालक म्हणाले, "मोठा करा. सारखे दिसू द्या." सर म्हणाले, "बघून काढलंय." चित्र गोदामात गेलं आणि सरांच्या मागं खिचडीच्या तांदळाचा हिशेब, मैदानाची साफसफाई, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी अशी कामं लागली. रांगोळीसुद्धा ते ओळंबा धरून काढायचे. मंत्र्याची गाडी आली तरी अर्धी राहिलेली असायची.

पुढं काही वर्षांनी तेच काम माझ्याकडं आलं, वीस फुटी फ्लेक्स. मी माझ्या ऑपरेटरला म्हणालो, चांगला डोळा उचल आणि वाईटाच्या जागी लाव. दहा मिनिटांचं काम. फ्लेक्स चौकात लागला, हार पडले, भाषणं झाली. चौथ्या दिवशी सर दुकानात आले. हात पाठीमागं.

"संस्थापकांना दोन्ही डोळे उजवे लावलेस."

"म्हणजे?"

"तुझ्या पोरानं डोळा उचलला, पण उलटवला नाही. डाव्या बाजूला उजवा डोळा आहे. नाकाचा कोपरा कानाकडं गेलाय."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एकजण फिसकन हसला. माझं डोकं फिरलं. "सर, चार दिवस सगळं गाव त्याच्याखालून जातंय. कुणाला दिसलं नाही. तुम्हालाच बरं दिसतं. तुमच्या ह्या बघण्यानं माझं वाटोळं झालं."

"वाटोळं?" सरांनी तिन्ही मशिनांकडं बघितलं. "बरं चाललंय की वाटोळं."

ते गेले. मी चौकात जाऊन बघितलं. खरंच होतं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. माझ्या खर्चानं दुसरा फ्लेक्स छापून पहाटे बदलला. सरांना सांगितलं नाही. पण त्यांनी बघितलाच असणार.

ते रिटायर झाल्यावर संस्थेनं जागा भरलीच नाही. चित्रकलेचा तास गणिताच्या बाईंकडं गेला, त्या त्यात गणित घेतात. चित्रकलेच्या खोलीत तांदळाची पोती आहेत. सर बाजारात दिसायचे, अजूनही हात पाठीमागं बांधलेले. मला वाटायचं, जुनी खोड. एकदा भाजीच्या गाड्यावर त्यांच्यामागं उभा होतो तेव्हा दिसलं की डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट आवळलंय. उजवा हात थरथरत होता आणि डावा त्याला धरून ठेवत होता. मी दुसऱ्या गाड्यावर गेलो.

गेल्या नोव्हेंबरात काकूंचा फोन आला. "जरा येऊन जा रे. सहीचं काम आहे."

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यावा लागतो. सरांचा फॉर्म दोनदा परत आला होता. सही जुळत नव्हती. मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होतं म्हणतात, पण सरांची मान एका जागी ठरत नव्हती. बँकेतला माणूस म्हणाला, अंगठा लावा, दोन साक्षीदार आणा, मिटलं. सर ऐकत नव्हते. पेन्शन थांबली की दोघांची औषधं थांबणार होती.

खोलीत सर खुर्चीत बसले होते. खिडकीत ओळंबा टांगलेला. पुढच्या टेबलावर फॉर्म आणि धुऊन पुसलेलं शाईचं पेन.

"तू कर त्यांची सही," काकू म्हणाल्या. "तुझं वळण त्यांच्यासारखंच आहे. तुझ्या बापाचंही होतं."

सर खिडकीकडं बघत होते.

मी जन्मभर सौद्याची टेबलं बघितली आहेत. समोरच्याला गरज आहे, वेळ नाही, दुसरं दुकान नाही. असा सौदा पुन्हा मिळत नाही. माझ्या डोक्यात तांब्या, बाप, संचालक, विटा सगळं एकदम उभं राहिलं.

"करतो काकू," मी म्हणालो. "पण सरांनी आधी एक कबूल करायचं."

"काय रे?"

"त्या दिवशी माझ्या तांब्यावर एक रेघ मारायला पाहिजे होती, एवढं म्हणा सर. बाकी काही नको."

सरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर टकटक वाजत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "अजून तोच तांब्या घेऊन फिरतोस?"

"तुम्हीच ठेवलाय डोक्यावर. एक वाक्य म्हणायचंय सर. मीसुद्धा एकच रेघ मागितली होती."

"अहो, म्हणून टाका की," काकू म्हणाल्या. "शब्दानं काय झिजतं?"

सरांनी डावा तळहात उघडला. सवयीनं, काहीतरी काढून दाखवायचं असल्यासारखा. कोरा होता. त्यांनी तो थोडा वेळ बघितला आणि मिटला.

"नसती मारली," म्हणाले. "आजही मारणार नाही." मग काकूंकडं वळले. "ते शाईचं पॅड आण गं. बँकेतनं आणलंयस ना?"

अंगठा जागेवर बसेना. दोनदा फरफटला. काकू नवा फॉर्म आणायला आत गेल्या. त्या आल्यावर सरांचं मनगट मीच धरलं. हाड आणि कातडी, आणि आत काहीतरी सतत धडधडत असल्यासारखं. मी दाबलं, अंगठा टेकला, ठसा उमटला. थोडा तिरका. सरांनी तो बराच वेळ बघितला.

"वाकडा आला," म्हणाले. "असू दे."

खाली छापलेलं होतं, "मी यांना व्यक्तिशः ओळखतो." तिथं मी सही केली. पेन मी माझ्या खिशातलं वापरलं. शेजाऱ्यांची दुसरी सही घेतली. सर तोवर बोटाची शाई धोतराला पुसत होते. ती निघत नव्हती.

बँकेनं फॉर्म घेतला. फेब्रुवारीत सर गेले.

दहाव्याला मी गेलो नाही. नंतर आठवड्यानं काकूंकडं जाऊन बसलो. त्यांनी चहा केला. दुखवट्याचं बोलणं झालं. मग त्या उठल्या आणि कपाटातून एक वही आणून माझ्यापुढं ठेवली. दहावीतली माझी चित्रकलेची वही. मी टेबलावर आपटली होती ती.

"ही सहीच्या दिवशी कपाटातून काढून ठेवली होती," काकू म्हणाल्या. "टेबलाच्या खणात होती. तू मागशील म्हणून."

"मी कशाला मागेन?"

"सही बघायला. मागच्या पुठ्ठ्यावर आहे ना त्यांची." काकूंनी वही उलटी केली. "मी तर शेजारच्या मास्तरांना बोलवणार होते. हे म्हणाले, दुसऱ्या कुणाचा हात माझ्या कागदाला नको. त्याला बोलव. सकाळपासून पेन धुवायला लावलं मला. म्हणाले, वही जवळ ठेव, तो बघितल्याशिवाय काढणार नाही."

काकूंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वही मी घेऊन आलो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. अकरा तांबे आहेत, सगळे थोडे उजवीकडं कललेले. आत त्यांची एकही रेघ नाही. मागच्या पुठ्ठ्यावर ती सही आहे, शेवटची रेघ खाली उतरून परत वर येणारी. अवघड नाही. पेन कुठं दाबलंय, कुठं सोडलंय, सगळं दिसतं. रोज बघतो. काढून मात्र एकदाही बघितलेली नाही.